जुना स्किड स्टीअर: गरम झाला की डावी बाजू मरते. पंप बदलायचा का?

कोंबडीखत

नमस्कार मंडळी. विट्याजवळ आमची पोल्ट्री आहे. कोंबड्यांचा लॉट गेला की शेडमधलं खत काढायला एक जुना स्किड स्टीअर (जागच्या जागी वळणारा छोटा बकेट लोडर) घेतलाय, सेकंडहँड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न जुन्या मशीनचा आहे, कंपनीचा नाही. चार चाकं, दोन लिव्हर, हायड्रोस्टॅटिक ड्राईव्ह (म्हणजे चाकं तेलाच्या दाबावर फिरतात), आतून चेन. तास बरेच झालेत.

त्रास असा: सकाळी चालू केलं की मशीन झकास चालतं. अर्धा-पाऊण तास झाला, तेल गरम झालं की डावी बाजू मरायला लागते. सरळ जायला दोन्ही लिव्हर सारखे दाबले तरी गाडी डावीकडं ओढते. बकेट भरून ढिगात घुसवलं की उजवी चाकं माती उकरतात आणि डावी नुसती थांबतात. पुढं जातानाही तसंच, मागं येतानाही तसंच. इंजिन दबत नाही. आर्म आणि बकेट एकदम ताकदीनं चालतात.

बाहेर कुठंही गळती नाही. हायड्रॉलिक तेल अधूनमधून टाकावं लागतं, पण जुनं मशीन आहे, तेवढं चालायचंच. फिल्टर बदललाय. चेनच्या पेट्यांमध्ये तेल भरपूर आहे, तिथं कधी टाकावंच लागलं नाही.

इथल्या मिस्त्रींचं म्हणणं पंप गेला, पूर्ण टँडम पंप (दोन्ही बाजूंचा जोडपंप) बदला. आकडा लाखात आहे. पंप आणल्यावरही त्रास तसाच राहिला तर काय करायचं? आधी नक्की कसं ओळखायचं, ते जाणकारांनी सांगावं.

---

पाना_बारातेरा

पंप. माझ्या ओळखीत दोन मशीनना हेच झालं होतं, दोन्हींचे पंप बदलले, दोन्ही चालू आहेत. थंडीत चालतं आणि गरम झाल्यावर मरतं म्हणजे पंप आतून झिजला.

---

बगॅस

पानासाहेब, गरम झाल्यावर मरतं म्हणजे आतून गळतंय इथपर्यंत मान्य. पण पंपातूनच गळतंय कशावरून? त्या तेलावर चाकं फिरवणारी हायड्रॉलिक मोटरही झिजते. साखर कारखान्यात बगॅस यार्डात आमच्याकडं अशीच मशीन चालायची. लोक आधी पंप आणायचे, कारण पंप वरून दिसतो आणि मोटर काढायला चेनची पेटी उघडावी लागते. कामाच्या कष्टावरून निदान ठरतं, हे काही बरोबर नाही.

धागाकर्त्याला एक विचारतो: टायर चारही एका मापाचे आहेत का? डावीकडं नवे आणि उजवीकडं गुळगुळीत असतील तरी गाडी ओढते.

---

कोंबडीखत

टायर चारही एकाच वेळी घेतलेत, १०-१६.५ मापाचे, हवा सारखी. आणि टायरचा दोष असता तर सकाळीही ओढली असती ना?

---

बगॅस

बरोबर. टायर बाद.

वाचणाऱ्यांसाठी तरी सांगून ठेवतो. या मशीनमध्ये एका बाजूची पुढची आणि मागची चाकं चेननं एकाच मोटरला बांधलेली असतात, दोघं कायम एकाच वेगानं फिरतात. पुढं नवा आणि मागं झिजलेला टायर लावला तर दोघं एकमेकांशी भांडत राहतात आणि ते भांडण चेनवर येतं. फक्त पंक्चरचा टायर बदलून बाकीचे जुने ठेवायची सवय इथं महागात पडते.

---

दाब_आणि_प्रवाह

भोसरीत हायड्रॉलिक पंप-मोटर टेस्टिंगच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आत काय चालतं ते बघा. इंजिनवर टँडम पंप असतो, म्हणजे एकाच शाफ्टवर मागंपुढं बसवलेले दोन पिस्टन पंप. एक डाव्या मोटरला तेल देतो, दुसरा उजव्या. लिव्हर ढकलला की पंपातली स्वॉशप्लेट, म्हणजे तिरकी होणारी चकती, कलते. जितकी कलेल तितकं तेल जास्त. उलट कलली की तेल उलट्या दिशेनं जातं आणि चाकं मागं फिरतात. मोटरमधून निघालेलं तेल टाकीत न जाता थेट पंपात परत येतं, म्हणून याला क्लोज्ड लूप म्हणतात. पण पिस्टन, प्लेट, रोटर यांच्या फटींतून थोडं तेल कायम पाझरतं आणि केस ड्रेनच्या पाइपनं टाकीत जातं. तेवढी भर घालायला एक छोटा चार्ज पंप असतो. त्याचा दाब बहुतेक मशीनमध्ये १५ ते २५ बारच्या आसपास, तर मुख्य लाइनचा दाब लोड आल्यावर २०० ते ३५० बारपर्यंत जातो. तुमच्या मशीनचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. आर्म आणि बकेटला वेगळा गिअर पंप असतो.

आता तुमच्याच वर्णनातून किती गोष्टी बाद होतात बघा.

आर्म ताकदीनं चालतात, इंजिन दबत नाही. म्हणजे इंजिन आणि पंपाचं कपलिंग ठीक. (काही जुन्या मशीनमध्ये पंप बेल्टवर चालतो. तिथं बेल्ट घसरला तर ड्राईव्ह आणि आर्म दोन्ही एकदम ढेपाळतात.)

उजवी बाजू चांगली आहे. चार्ज पंप, सक्शन फिल्टर, टाकीतलं तेल हे दोन्ही बाजूंना सामाईक असतं. ते बिघडलं असतं तर दोन्ही बाजू मरायला हव्या होत्या.

पुढं आणि मागं दोन्हीकडं सारखीच मरते. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरल्यापेक्षा वाढला की तेल सोडून देणारा) पुढच्या दिशेचा वेगळा आणि मागच्या दिशेचा वेगळा असतो. एकाच बाजूचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बिघडणं फार क्वचित. एकाच दिशेला मरत असती तर मी आधी तिथंच बघायला सांगितलं असतं.

थंड असताना ठीक. म्हणजे लिव्हरची लिंकेज (लिव्हर ते पंप ही जोडणी), बुश, रॉड यांचा दोष नाही. त्यांना तेल गरम आहे का थंड ते कळत नाही.

उरलं काय? डावा पंप सेक्शन नाहीतर डावी मोटर. या दोघांत निवाडा केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

---

वाचनमात्र

खुर्ची ओढून बसलोय. मशीन नाही, शेत नाही, पण धागा भारी आहे.

---

पाना_बारातेरा

ताई, एवढं सगळं ठीक. पण गावाकडं टेस्ट बेंच कुठला आणणार? पंप काढून भोसरीला पाठवायचा, तपासायचा, परत आणायचा. तोवर पुढचा लॉट शेडवर येऊन उभा राहील.

---

दाब_आणि_प्रवाह

पंप काढायचाच नाही, दादा. मशीनवरच निवाडा होतो. पहिली रीत गेजची.

मशीनवर टेस्ट पोर्ट असतात. डाव्या लूपच्या पोर्टला ६०० बारचा गेज चांगल्या होजसकट लावा. तेल पूर्ण गरम होऊ द्या, थंड तेलावर केलेली टेस्ट या केसमध्ये फुकट आहे. बकेट भक्कम बांधाला टेकवा, लिव्हर हळूहळू पुढं ढकला आणि गेज बघा. मग उजव्या बाजूला तसंच.

दाब पंप तयार करत नाही, पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो अडवणुकीमुळं. म्हणून:

डावी चाकं थांबली आणि गेजवर दाब पूर्ण रिलीफपर्यंत चढला, तर हायड्रॉलिक निर्दोष आहे. चाकांना काहीतरी यांत्रिक धरून ठेवतंय. पार्किंग ब्रेक पूर्ण सुटत नसेल, एक्सलचं बेअरिंग बसलं असेल.

डावी चाकं थांबली आणि दाब चढतच नाही, तर तेल आतून कुठंतरी पळतंय. मग पंप का मोटर, हे पुढच्या टेस्टनं ठरवायचं.

---

लेथवाला

दुसरी टेस्ट मी सांगतो, आम्ही कोल्हापुरात उद्यमनगरला हीच करायचो. होज अदलाबदल. डाव्या पंपाचे दोन्ही होज उजव्या मोटरला आणि उजव्या पंपाचे डाव्या मोटरला. त्रास डाव्या चाकांवरच राहिला तर मोटर, उजवीकडं गेला तर पंप. गेज नाही, बेंच नाही, पान्याचं काम.

---

दाब_आणि_प्रवाह

टेस्ट खरी आहे, पण लेथवालेदादा, माझा तिच्यावर आक्षेप आहे. बऱ्याच मशीनमध्ये दोन मोटरची तोंडं एकमेकांच्या आरशासारखी बसवलेली असतात, होज पोचतच नाहीत. मग लोक जुगाडी होज लावतात आणि ३०० बारला तो फुटतो. दुसरं म्हणजे कचरा. पोल्ट्रीच्या शेडमध्ये क्लोज्ड लूपची चार तोंडं उघडी ठेवलीत तर जो कण आत जाईल तो सहसा फिल्टरपर्यंत जात नाही, पंप आणि मोटर यांच्यातच फिरत राहतो.

---

लेथवाला

कचऱ्याचं मान्य. तोंडं उघडली की लगेच बूच मारायचं, चिंध्या कोंबायच्या नाहीत, आणि मशीन आधी धुऊन घ्यायचं. पण म्हणून टेस्ट टाकून देऊ नका. ज्याच्या होजची लांबी पुरते त्यानं करावी.

आणखी एक. ही टेस्ट ठोकळ्यांवर उभं करून चाकं हवेत ठेवून करू नका. हवेत लोडच नसतं, मेलेली बाजूही मजेत फिरते आणि माणूस फसतो. मोकळ्या रानात, हळू, इंजिन कमी आरपीएमवर. लक्षात ठेवा, त्या वेळी डावा लिव्हर उजवी चाकं फिरवणार आहे. जवळ माणूस, जनावर, भिंत काही नको.

---

गोठ्यातला

यात एक सोपी गोष्ट कुणी लिहिली नाही. लेथवालेदादा आणि ताई, दोघांनी सांगायला हवं होतं. आर्म वर करून त्याखाली शिरायचं तर आर्मचा लॉक लावल्याशिवाय शिरायचं नाही. सिलेंडरच्या भरवशावर नाही, जॅकच्या भरवशावर नाही. आमच्या गोठ्यावरच्या माणसाला मी हे रोज सांगतो आणि रोज सांगणार.

---

दाब_आणि_प्रवाह

+१, शंभर वेळा. आणि त्याच्या जोडीला: गळती हातानं चाचपायची नाही, हातमोजा घालूनही नाही. सुईच्या छिद्रातून उच्च दाबानं येणारं तेल कातडीतून आत घुसतं. बाहेर नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर थेट सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं आणि तिथं "हायड्रॉलिक तेल दाबानं आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर टिटॅनसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लाकडाला बांधून फिरवा.

होज सोडण्याआधी इंजिन बंद, बकेट जमिनीवर, मग लिव्हर दोन-चार वेळा पुढं-मागं हलवायचे, म्हणजे अडकलेला दाब उतरतो.

---

मिनेसोटा_मुक्कामी

मूळचा साताऱ्याचा, सध्या मिनेसोटात. पोल्ट्रीचा उल्लेख वाचून राहवेना. हे यंत्र जन्मलंच मुळी पोल्ट्रीसाठी, आणि इथंच. रॉथसे नावाच्या गावात केलर बंधूंचं, सिरिल आणि लुई यांचं, वर्कशॉप होतं. एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला दुमजली शेडमधली विष्ठा काढायची होती. मशीन वरच्या मजल्यावर चढवता येईल इतकं हलकं आणि खांबांच्या मधून जागच्या जागी वळेल असं हवं होतं. १९५७ साली त्यांनी तीन चाकांचा लोडर करून दिला, पुढं दोन चालणारी चाकं आणि मागं खुर्चीला असतं तसं फिरतं चाक. पुढं शेजारच्या नॉर्थ डाकोटातल्या ग्विनरच्या मेलरो कंपनीनं तो घेतला. १९६० मध्ये मागं एक्सल टाकून चार चाकी केला आणि १९६२ पासून बॉबकॅट हे नाव आलं. सुरुवातीच्या मशीनमध्ये हायड्रोस्टॅटिक नव्हतं, क्लचवर चालायची. दुरुस्तीला गावचा लोहारही चालायचा.

इथं हिवाळ्यात बर्फ काढायला प्रत्येक गल्लीत एक असतो. आमच्याकडं उलटा त्रास: उणे पंचवीसला तेल इतकं घट्ट होतं की मशीन गरम व्हायची वाट बघावी लागते.

---

कोंबडीखत

वा! म्हणजे आमच्या मशीनचे पूर्वज कोंबड्यांच्या चुलत्यांकडं कामाला होते. हे घरी सांगितलं, वडील खूश.

सगळ्यांचे आभार. गेज मागवलाय. दरम्यान मिस्त्री म्हणतात की ६८ नंबरच्या ऐवजी १०० नंबरचं जड तेल टाकून बघू, कदाचित त्यावरच भागेल. काय करू?

---

पाना_बारातेरा

टाका. आमच्याकडं बरेच लोक टाकतात. फरक पडतो.

---

बगॅस

पडतो ना. ताप आलेल्याला थंड पाण्याची पट्टी ठेवली तरी फरक पडतो. झीज तिथंच राहते. जड तेल फटीतून कमी पाझरतं म्हणून थोडे दिवस ताकद आल्यासारखी वाटते. पण सकाळच्या गारठ्यात तेच तेल चार्ज पंपाला ओढवत नाही, पंप कोरडा ओरडतो आणि चांगला असलेला उजवा सेक्शनही खराब होतो.

सेकंडहँड मशीन घेताना लक्ष ठेवा. विकणारे काही जण हीच युक्ती करतात. जड तेल भरायचं आणि गिऱ्हाइकाला सकाळी बोलवायचं. मशीन बघायचं तर तासभर चालवून, ढिगात घुसवून, तेल तापल्यावर बघा. थंड मशीनवर सौदा करू नका.

---

दाब_आणि_प्रवाह

बगॅसदादांशी पूर्ण सहमत. नंबर म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट आहे त्याचा आकडा. मॅन्युअल जे सांगतं तेच टाका. काही जुन्या मशीनना तर हायड्रॉलिक तेलाऐवजी इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं, तेव्हा मॅन्युअल आधी वाचा.

पण मला धाग्याच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य खटकतंय. कोंबडीखतदादा, तुम्ही लिहिलंय की बाहेर कुठंही गळती नाही, तरी हायड्रॉलिक तेल टाकावं लागतं. मग ते तेल जातं कुठं? आणि पुढच्याच वाक्यात म्हणता की चेनच्या पेटीत तेल कधी टाकावं लागत नाही. जुन्या मशीनच्या एक्सल सीलमधून थोडं तरी जायला हवं. डाव्या आणि उजव्या चेनच्या पेट्या वेगवेगळ्या आहेत का? दोन्हींचे लेव्हल प्लग उघडून बघा. खाली ट्रे धरा.

---

लेथवाला

ताई, मानलं. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

---

वाचनमात्र

तर्काची जागा दिसली. आज धागा बंद करून झोपणार नाही.

---

कोंबडीखत

पेट्या वेगळ्या आहेत. उजवा प्लग उघडला, तेल बरोबर तोंडापर्यंत. डावा उघडला आणि तेलाची धारच लागली, ट्रे भरला तरी थांबेना. आणि ते चेनचं घट्ट काळपट तेल नाही, पातळ आहे, हायड्रॉलिकसारखं.

---

दाब_आणि_प्रवाह

मग डाव्या मोटरचं शाफ्ट सील गेलंय. मोटरचा शाफ्ट चेनच्या पेटीत शिरतो, तिथलं सील फुटलं की हायड्रॉलिक तेल पेटीत जमतं आणि बाहेरून मशीन कोरडं दिसतं. पेटी काठोकाठ भरली की नंतर एक्सल सीलमधून चाकाजवळ गळायला लागतं, आणि लोक एक्सल सील बदलत बसतात.

पण इथं थांबू नका. सील आपण होऊन क्वचित फुटतं. मोटरच्या केसमधला दाब वाढला म्हणून फुटतं. दाब दोन कारणांनी वाढतो: मोटर आतून इतकी झिजली की पाझर केस ड्रेनला उपसवत नाही, नाहीतर केस ड्रेनची लाइन दबली किंवा तुंबली. नुसतं सील बदललंत तर नवं सीलही जाईल.

आता केस ड्रेनची टेस्ट करा. डाव्या मोटरची ड्रेन लाइन सोडून स्वच्छ बादलीत घ्या, टाकीकडच्या तोंडाला बूच मारा. तेल गरम, आरपीएम तोच, लोड तोच, आणि मोबाइलवर एक मिनिट लावून किती तेल आलं ते मोजा. मग उजवी. दोन्हींची तुलना हेच उत्तर. काही ऑर्बिट मोटरना (रिंगच्या आत रोटर फिरणारा मोटरचा प्रकार) वेगळी ड्रेन लाइन नसते, त्यांना ही टेस्ट लागू नाही. तुमच्या मोटरला आहे का बघा.

---

पाना_बारातेरा

हे पटलं. ड्रेनची टेस्ट लिहून घेतली, पुढच्या वेळी पंपाला हात लावायच्या आधी हीच करणार.

---

गोठ्यातला

कोंबडीखतदादा, ऑइल कूलर कधी साफ केला होता? आमच्याकडं कडब्याचा भुसा बसतो, तुमच्याकडं भाताचं तूस आणि पिसं बसत असणार. रेडिएटरच्या पुढून स्वच्छ दिसतं, पण कूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गादी साचलेली असते.

---

दाब_आणि_प्रवाह

गोठ्यातलेदादा, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तेल जितकं तापेल तितकं पातळ, जितकं पातळ तितकं जास्त पाझरतं, आणि पाझरताना ते पाझरणंच आणखी उष्णता तयार करतं. शिवाय रबरी सील उष्णतेनं कडक होऊन चिरतात.

---

कोंबडीखत

सविस्तर अपडेट.

गेज आला. तेल गरम करून बांधाला टेकवून बघितलं. उजवीकडं काटा झपकन चढतो आणि चाकं घसरतात. डावीकडं काटा निम्म्यावर जाऊन अडतो आणि चाकं उभी. म्हणजे ताईंनी लिहिलेली दुसरी शक्यता, तेल पळतंय.

केस ड्रेन: उजव्या मोटरचं तेल बादलीच्या तळाला जेमतेम. डाव्याची धार बघून मिस्त्री स्वतःच म्हणाले, "पंप राहू दे, मोटर काढू." ड्रेनची लाइन फुंकून बघितली, तुंबलेली नव्हती.

कूलर आणि रेडिएटरच्या मधे तुसाची अक्षरशः चटई निघाली. आतून हवा मारून, मग पाण्यानं साफ केला.

डावी मोटर काढून सांगलीत एका हायड्रॉलिकवाल्याकडं उघडली. रोटर आणि बाहेरची रिंग यांवर खोल ओरखडे. सीलची ओठं कडक होऊन चिरलेली. ते म्हणतात रोटर सेट, सील किट आणि बेअरिंग टाकून मोटर होईल, शाफ्टचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) चांगले आहेत. खर्च पंपाच्या आकड्याच्या पासंगालाही नाही. बसवण्याआधी आणखी काय बघू?

---

दाब_आणि_प्रवाह

फार छान काम केलंत. आता घाईत बसवू नका.

ओरखडे पाडणारा धातू गेला कुठं? काही लूपमध्ये, काही ड्रेनवाटे टाकीत. दोन्ही मोठे होज काढून आतून स्वच्छ डिझेलनं धुवा आणि हवेनं सुकवा. टाकी रिकामी करून तळ पुसा. जुना फिल्टर कापून कागद उलगडून उजेडात बघा. पितळी रंगाची चकाकी असेल तर पंपाचे पिस्टन शू किंवा व्हॉल्व्ह प्लेटही झिजायला लागलीय. नुसते लोखंडी कण असतील, चुंबकाला चिकटत असतील, तर ते मोटरचे असण्याची शक्यता जास्त.

मोटर बसवताना केसमध्ये स्वच्छ तेल भरूनच ड्रेन जोडा. कोरडी मोटर फिरवली तर नवा रोटर पहिल्याच मिनिटात ओरखडतो. मशीन ठोकळ्यांवर, चाकं हवेत, इंजिन आयडलवर, लिव्हर अगदी थोडा पुढं, थोडा मागं. हवा निघेपर्यंत गुरगुरेल. तेलाला फेस आलेला दिसला तर थांबा, बसू द्या, मग परत. लेव्हल बघून तेल पूर्ण करा.

चार्ज प्रेशरही एकदा गरम तेलावर मोजून लिहून ठेवा, लिव्हर न्यूट्रलला असताना आणि चालवताना दोन्ही. पुढं कधी बिघडलं तर तुलनेला आकडा हाताशी असेल.

---

लेथवाला

पेटी उघडीच आहे तर चेनचा ढिलेपणा बघून घ्या. चेन ढिली असली की दिशा बदलताना खाडकन आवाज येतो आणि तो दणका थेट मोटरच्या शाफ्टवर बसतो. स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात आकड्यासारखे वळले असतील तर चेन आणि स्प्रॉकेट सोबतच बदला. जुन्या दातांवर नवी चेन टिकत नाही. हायड्रॉलिक तेल मिसळलेलं पेटीतलं तेल सगळं काढून टाका.

---

मिनेसोटा_मुक्कामी

न्यूट्रलही तपासा. लिव्हर सोडल्यावर मशीन जागेवर थांबायला हवं. हळूहळू सरकत असेल तर पंपाचं सेंटरिंग जुळवावं लागतं. इतके दिवस डावी बाजू कमजोर होती, तेव्हा ती जुळवण्यासाठी आधीच्या मालकानं लिंकेज पिळून ठेवलेली असू शकते. मोटर ठीक झाली की मशीन उलट उजवीकडं ओढायला लागेल.

---

कोंबडीखत

मोटर बसली. फिल्टर कापला, पितळ दिसलं नाही, कण चुंबकाला चिकटतात. चेन थोडी ढिली होती, ताणून घेतली, स्प्रॉकेटचे दात चांगले आहेत.

मिनेसोटाकरांचा अंदाज तंतोतंत. पहिल्यांदा चालवली तर उजवीकडं ओढत होती. डाव्या लिंकेजचा रॉड उजव्यापेक्षा पिळून लांब केलेला होता. दोन्ही मॅन्युअलप्रमाणे जुळवले, आता लिव्हर सोडला की जागेवर थांबते. दुपारच्या उन्हात अख्खी शेड काढली, शेवटच्या बकेटपर्यंत दोन्ही बाजू सारख्या. तुमच्यामुळं पंपाचे पैसे वाचले, आणि मिस्त्रींनी धागा मोबाइलवर वाचून ताईंना नमस्कार सांगितलाय.

---

गोठ्यातला

अभिनंदन! कूलर दर लॉटला काढून साफ करायचा, विसरू नका.

---

बगॅस

चेनच्या डाव्या पेटीत आता कुठलं तेल भरलंत?

---

कोंबडीखत

मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच, लेव्हल प्लगच्या तोंडापर्यंत.

---

दाब_आणि_प्रवाह

आठवडाभर काम झालं की गार मशीनवर तो डावा प्लग परत उघडा. तेल तोंडालाच असेल तर सील बसलं. धार आली तर केस ड्रेन पुन्हा मोजा आणि इथं लिहा. आणि फिल्टर ५० तासांनी आणखी एकदा बदला, धुतलेल्या होजमध्येही थोडं काहीतरी राहतंच.